संकेतस्थळांची यांत्रिक तपासणी : नियम, उपयोग आणि मर्यादा

शासन आणि नागरिक यांच्यातील व्यवहाराची जागा गेल्या दोन दशकांत मोठ्या प्रमाणावर बदलली आहे. सातबाराचा उतारा, रहिवासाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल यांसाठी पूर्वी कार्यालयाच्या खिडकीपाशी रांग लावावी लागे. आज यांतील बहुतेक कामे संगणकाच्या वा मोबाईलच्या पडद्यावर होऊ शकतात. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम झाला आणि अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. 'आपले सरकार' या संकेतस्थळावरून अशा अनेक सेवांसाठी घरबसल्या अर्ज करता येऊ लागला. खिडकीची जागा पडद्याने घेतल्यामुळे अनेकांचे हेलपाटे वाचले, यात शंका नाही.

परंतु त्याबरोबरच एक नवा प्रश्नही उभा राहिला. कार्यालयाच्या दाराशी उंच पायऱ्या असल्या आणि चाकाच्या खुर्चीतील माणसाला त्या चढता येत नसल्या, तर ती अडचण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडते. पडद्यावरील पायऱ्या मात्र ज्यांना त्या अडत नाहीत, त्यांना दिसतच नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ५० लाख व्यक्तींना दृष्टिदोष होता. एकट्या महाराष्ट्रातील दिव्यांगांची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. या नागरिकांना संकेतस्थळांचा वापर स्वतःच्या बळावर करता येतो काय, हे पाहण्याचे एक साधन म्हणून पानावरील घटकांची यंत्राद्वारे तपासणी करण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे. ही तपासणी कशी चालते, तिच्याकडून काय मिळते आणि काय मिळू शकत नाही, हे समजून घेणे संकेतस्थळ चालविणाऱ्या प्रत्येक कार्यालयाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

पानाची दोन रूपे

संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाला दोन रूपे असतात. एक रूप पडद्यावर दिसते. त्यात रंग, चित्रे, ठळक अक्षरे आणि बटणे असतात. दुसरे रूप त्यामागे असते. ते एचटीएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत लिहिलेले असते. हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, हा दुवा, हा माहिती भरण्याचा रकाना, अशी प्रत्येक घटकाची नोंद त्यात असते. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जागतिक जाळ्याची कल्पना मांडली, तेव्हापासून पानाचा अर्थ त्याच्या खुणांत आणि त्याची शोभा वेगळी ठेवावी, ही दृष्टी या क्षेत्रात हळूहळू रुजत गेली.

डोळस वाचक पहिले रूप पाहतो. अंध वाचक दुसरे रूप ऐकतो. त्यासाठी स्क्रीन रीडर, म्हणजे पडदावाचक, ही आज्ञावली वापरली जाते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ पासून विकसित केलेला 'एनव्हीडीए' हा पडदावाचक विनामूल्य मिळतो आणि भारतातही त्याचा मोठा वापर आहे. पडदावाचक पानाच्या खुणा क्रमाने वाचतो आणि कृत्रिम आवाजात ऐकवतो. वापरणारी व्यक्ती कळफलकाच्या कळांनी एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर, एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाते.

आता एखादी अंध विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत आहे, असे समजा. पडद्यावर 'बँक खाते क्रमांक' हे शब्द आणि त्यापुढे रिकामी चौकट दिसते. डोळस विद्यार्थ्याला दोहोंचा संबंध चटकन कळतो. पण मागील खुणांत त्या शब्दांची आणि चौकटीची सांगड घातलेली नसेल, तर पडदावाचक केवळ 'मजकूर भरा' एवढेच म्हणतो. मजकूर कोणता, हे त्या विद्यार्थिनीला कळावयास मार्ग नाही. पुढे 'सादर करा' हे बटण चित्ररूपात असेल आणि त्या चित्राला नाव दिलेले नसेल, तर ऐकू येते ते फक्त 'बटण'. अशा वेळी तिला शेजाऱ्याला वा अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराला बोलवावे लागते. आपला खाते क्रमांक, परवलीचा शब्द आणि मोबाईलवर आलेला एकवेळचा सांकेतिक क्रमांक परक्याच्या हाती द्यावा लागतो. जी गोष्ट इतरांनी कोणालाही सांगू नये म्हणून बँका वारंवार बजावतात, तीच गोष्ट सांगण्यावाचून तिला गत्यंतर उरत नाही. रकान्याच्या नावासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या घटकाचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

मानके कशी घडली

तपासणी करावयाची तर कसोटी हवी. जागतिक जाळ्याची तांत्रिक मानके ठरविणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था १९९४ साली स्थापन झाली. तिने १९९७ मध्ये सुगम्यतेसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला आणि मे १९९९ मध्ये संकेतस्थळांच्या सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. डिसेंबर २००८ मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात प्रत्येक तत्त्वाखाली तपासून पाहता येतील असे निकष देण्यात आले. या निकषांच्या ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पातळ्या आहेत. २०१२ साली हीच आवृत्ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. २०१८ व २०२३ साली तिच्यात भर पडली आणि आजच्या २.२ या आवृत्तीत एकूण ८६ निकष आहेत.

या सर्व निकषांच्या मुळाशी चार अपेक्षा आहेत. पानावरील माहिती कोणत्या ना कोणत्या इंद्रियाने जाणवली पाहिजे. पान हाताळता आले पाहिजे, मग ते माऊसने असो वा केवळ कळफलकाने. त्यावरील मजकूर व व्यवहार समजला पाहिजे. आणि निरनिराळ्या साधनांवर ते टिकले पाहिजे.

भारतात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने २००९ साली शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ साली निघाली. भारतीय मानक ब्यूरोने माहिती व दळणवळणाच्या साधनांच्या सुगम्यतेसाठी आयएस १७८०२ हे मानक २०२१ व २०२२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केले. अशा रीतीने कसोटी काय असावी, हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. उरतो तो ती लावण्याचा प्रश्न.

यंत्राची आवश्यकता का?

एखाद्या विभागाच्या संकेतस्थळावर हजारो पाने असू शकतात आणि एकेका पानावर शेकडो घटक असतात. शिवाय पाने स्थिर नसतात. नवी जाहिरात येते, जुनी सूचना निघते, एखादा नवा रकाना वाढतो. ही सर्व पाने दर आठवड्यास एकेका घटकानिशी माणसाने तपासावयाची म्हटले, तर ते काम कधीच पुरे होणार नाही. याच कारणाने यंत्राची मदत घेण्याचा विचार पुढे आला.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील कास्ट या संस्थेने १९९६ साली 'बॉबी' नावाचे तपासणीचे साधन उपलब्ध करून दिले. लंडनच्या पोलीस शिपायाला तेथील लोक ज्या नावाने ओळखतात, तेच नाव या साधनास देण्यात आले होते. पानाचा पत्ता दिला की बॉबी त्यातील दोषांची यादी देई आणि पान कसोटीस उतरल्यास त्यावर शिपायाच्या शिरस्त्राणाचे चिन्ह लावता येई. पुढे बॉबी बंद झाले, परंतु अशा साधनांची परंपरा चालू राहिली. युटा राज्य विद्यापीठातील वेबएम या संस्थेचे 'वेव्ह' आणि २०१५ पासून सर्वांना खुले असलेले 'अ‍ॅक्स' ही आज विशेष प्रचारात असलेली साधने आहेत. गूगलच्या क्रोम या ब्राउझरसोबत मिळणारे 'लाइटहाउस' हे साधनही सुगम्यता तपासण्यासाठी अ‍ॅक्सच्याच नियमांचा आधार घेते.

तपासणीची रीत

या साधनांचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात साधन ते पान ब्राउझरमध्ये उघडते आणि त्यातील सर्व खुणांची एक वंशावळ तयार करते. पान हे मूळ, त्याचे विभाग या शाखा आणि शीर्षके, चित्रे, दुवे ही पाने, अशी ती रचना असते. दुसऱ्या टप्प्यात या वंशावळीतील प्रत्येक घटकाला त्याला लागू असणारे नियम लावले जातात. तिसऱ्या टप्प्यात दोषांची यादी तयार होते. दोष कोणत्या घटकात आहे, तो कोणत्या निकषाचा भंग करतो आणि तो किती गंभीर आहे, हे त्यात नमूद असते.

नियम अगदी साधे असतात. घटक चित्र आहे काय? असल्यास त्याला पर्यायी मजकूर जोडला आहे काय? घटक रकाना आहे काय? असल्यास त्याचे नाव त्याच्याशी खुणेने जोडलेले आहे काय? दुव्याच्या आत काही शब्द आहेत, की तो रिकामाच आहे? पहिल्या पातळीच्या शीर्षकानंतर एकदम चौथ्या पातळीचे शीर्षक तर आलेले नाही ना? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर 'होय' वा 'नाही' असे देता येते आणि म्हणूनच ते यंत्राला देता येते. वेगवेगळ्या साधनांनी एकाच पानाविषयी वेगवेगळा निकाल देऊ नये, म्हणून असे नियम कसे लिहावेत याचाही नमुना डब्ल्यूथ्रीसीने २०१९ साली ठरवून दिला.

कित्येक पानांतील घटक सुरुवातीस दिसत नाहीत. जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी उघडते. चुकीचा पिनकोड भरल्यावर सूचना येते. असे घटक तपासण्यासाठी ब्राउझरच यंत्राकडून चालवून घ्यावा लागतो. शिकागो येथे २००४ साली जेसन हगिन्स यांनी तयार केलेले 'सेलेनियम' हे त्यासाठीचे एक प्रसिद्ध साधन आहे. बटण दाबणे, रकाना भरणे, यादीतून निवड करणे ही कामे ते माणसाप्रमाणे करून दाखविते आणि प्रत्येक पायरीनंतर अपेक्षित घटक पानावर आला की नाही, हे पाहते. ब्राउझरला बाहेरून आज्ञा देण्याच्या या पद्धतीला २०१८ साली अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला.

अशी तपासणी पान तयार होत असतानाच, प्रत्येक बदलाबरोबर आपोआप करता येते. इमारत उभी राहिल्यावर भिंत पाडून दार रुंद करण्यापेक्षा नकाशातच ते रुंद दाखविणे स्वस्त पडते. संकेतस्थळालाही हा न्याय लागू आहे.

रंगांचे गणित

यंत्र ज्या कामात माणसाहूनही निर्दोष ठरते, त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या रंगांतील फरक. वार्धक्यामुळे वा मोतीबिंदूमुळे ज्यांची नजर मंद झाली आहे, त्यांना फिकी अक्षरे वाचता येत नाहीत. भर उन्हात शेताच्या बांधावर उभे राहून मोबाईल पाहणाऱ्या धडधाकट माणसाचीही तीच गत होते. तेव्हा फिके म्हणजे नेमके किती फिके, हे ठरविणे आवश्यक होते.

त्यासाठी प्रत्येक रंगाची तेजस्विता काढतात. मानवी डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत उजळ भासतो. म्हणून तेजस्वितेच्या हिशेबात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ टक्के आणि निळ्याचा अवघा ७ टक्के धरला जातो. मग दोन रंगांच्या तेजस्वितांचे गुणोत्तर काढले जाते. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर हे गुणोत्तर २१ : १ येते. यापेक्षा अधिक ते असूच शकत नाही. डबल ए पातळीनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी ते किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ : १ असावयास पाहिजे.

या गणिताचे निष्कर्ष कधीकधी अनपेक्षित असतात. पांढऱ्या कागदासारख्या पार्श्वभूमीवर गडद निळ्या शाईच्या रंगाची अक्षरे सुमारे १६ : १ एवढी स्पष्ट असतात. उलट उजळ नारिंगी पट्टीवर पांढरी अक्षरे घातली, तर ती उत्सवी आणि ठसठशीत वाटतात. परंतु त्यांचे गुणोत्तर जेमतेम २ : १ भरते आणि ती कसोटीस उतरत नाहीत. डोळस रचनाकाराची नजर येथे फसते, यंत्राचे गणित फसत नाही.

मराठी पानांचे विशेष प्रश्न

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत काही घटकांकडे अधिक लक्ष पुरवावे लागते. पहिला घटक भाषेच्या घोषणेचा. पान कोणत्या भाषेत आहे, हे त्याच्या आरंभीच्या खुणेत दोन अक्षरी संकेताने सांगावयाचे असते. ती खूण पाहून पडदावाचक आपला आवाज निवडतो. मराठी पान तयार करताना इंग्रजी पानाचा साचा उचलला आणि ती खूण बदलावयाची राहून गेली, तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या स्वाधीन होतो. खूण हिंदीची राहिली तरी 'चमचा' आणि 'जहाज' यांतील मराठी उच्चार हरपतात. घोषणा आहे की नाही आणि ती वैध आहे की नाही, हे यंत्र क्षणार्धात सांगते. देवनागरी मजकूर आणि इंग्रजीची घोषणा ही विसंगतीही त्याला ओळखता येते. मात्र मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच असल्यामुळे नुसत्या अक्षरांवरून त्यांतील भेद सांगणे त्याला तितकेसे सोपे नाही.

दुसरा घटक अक्षरांच्या संकेतनाचा. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. परंतु ती रूढ होण्यापूर्वी मुद्रणासाठी तयार झालेल्या कित्येक टंकांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले होते. अशा टंकात लिहिलेले पान डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते. संगणकाच्या लेखी मात्र तेथे रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन पुंजका असतो आणि पडदावाचक तोच वाचू लागतो. असे पान शोधयंत्रालाही सापडत नाही. म्हणजे अंध वाचकाची अडचण दूर करताना डोळस वाचकाचाही लाभ होतो.

तिसरा घटक छायाप्रतींचा. सही-शिक्क्याचे परिपत्रक स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले, की ते प्रसिद्ध झाले असे मानले जाते. परंतु स्कॅन म्हणजे केवळ छायाचित्र. त्यात पडदावाचकाला एकही अक्षर सापडत नाही. दिव्यांगांच्या सवलतीसंबंधीचे परिपत्रकच अशा रीतीने ठेवले गेले, तर ज्यांच्यासाठी ते काढले त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही. मूळ मजकूर युनिकोडमध्ये सोबत ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

दहा लाख पानांची पाहणी

यंत्राच्या आवाक्याची कल्पना एका पाहणीवरून यावी. वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी जगातील दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राद्वारे तपासते. २०१९ साली त्यांपैकी ९७.८ टक्के पानांवर दोष आढळले. २०२५ साली हे प्रमाण ९४.८ टक्के होते. सुधारणा आहे, पण ती अत्यंत मंद आहे.

याहून उद्बोधक आहे ते दोषांचे स्वरूप. फिकी अक्षरे, पर्यायी मजकूर नसलेली चित्रे, नाव नसलेले रकाने, रिकामे दुवे, रिकामी बटणे आणि भाषेच्या घोषणेचा अभाव या सहाच प्रकारांत बहुतेक सर्व दोष मोडतात. २०२५ च्या पाहणीत फिकी अक्षरे सुमारे ७९ टक्के पानांवर, पर्यायी मजकुराचा अभाव सुमारे ५५ टक्के पानांवर आणि निनावी रकाने सुमारे ४८ टक्के पानांवर आढळले. यांपैकी एकही दोष दुरुस्त करावयास मोठे कौशल्य वा मोठा खर्च लागत नाही. लागते ते केवळ लक्ष.

यंत्राला काय कळत नाही?

येथवरच्या विवेचनावरून यंत्राने 'दोष नाही' असा निर्वाळा दिला की काम संपले, असा समज होण्याचा संभव आहे. तो चुकीचा आहे. यंत्र घटकाचे अस्तित्व तपासते, त्याचा अर्थ तपासत नाही. छापखान्यातील मुद्रितशोधक प्रत्येक शब्द शुद्ध आहे, हे पाहतो. वाक्यात सांगितलेली तारीख खरी आहे की नाही, हे त्याने पाहावे अशी अपेक्षा नसते. यंत्राची गोष्ट तशीच आहे.

लसीकरणाच्या तारखा दाखविणाऱ्या तक्त्याचे चित्र पानावर आहे आणि त्याला 'चित्र १' असा पर्यायी मजकूर दिला आहे, असे समजा. नियम होता पर्यायी मजकूर असावा. तो आहे. यंत्र समाधान पावते. परंतु आईला आपल्या बाळाला कोणत्या तारखेस न्यावयाचे, हे त्या मजकुरातून कळत नाही. पानावरील दहा दुव्यांना 'येथे दाबा' असे एकच नाव दिले, तरी एकही दुवा रिकामा नसल्यामुळे बहुतेक यंत्रे हरकत घेत नाहीत. पडदावाचकाने दुव्यांची यादी ऐकणाऱ्याला मात्र तेच दोन शब्द दहा वेळा ऐकू येतात. रकान्याचे नाव चुकीचे असेल, सूचना अवघड शासकीय भाषेत असेल, अर्ज भरावयास दिलेला वेळ अपुरा असेल, तर यांतील एकही गोष्ट यंत्राच्या नियमांत सहजासहजी बसत नाही.

याचा पडताळाही घेतला गेला आहे. २०१७ साली ब्रिटनच्या शासकीय डिजिटल सेवेने मुद्दाम शंभराहून अधिक अडथळे असलेले एक पान तयार केले आणि ते तपासणीच्या अनेक साधनांपुढे ठेवले. त्यांतील सर्वोत्तम साधनालाही सुमारे ४० टक्केच अडथळे सापडले आणि कित्येक अडथळे कोणत्याच साधनाला सापडले नाहीत. २०१९ साली ऑस्ट्रियातील एका संकेतस्थळ-रचनाकाराने याच्या उलट प्रयोग केला. कोणालाही वापरता येऊ नये असे पान त्याने हेतुपुरस्सर रचले आणि तरीही लाइटहाउसकडून सुगम्यतेचे १०० पैकी १०० गुण मिळवून दाखविले. गुणपत्रिका म्हणजे ज्ञान नव्हे, हे शिक्षणक्षेत्रातील जुने सत्य येथेही लागू पडते.

कायद्याची भूमिका

या प्रश्नाकडे सौजन्याचा विषय म्हणून पाहण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. माहिती व दळणवळणाची साधने सुगम्य करण्याची जबाबदारी त्याने शासनावर टाकली आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानके केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी सुसंगत नाही, असे म्हटले आणि किमान मानके बंधनकारक करण्याचा निर्देश दिला.

त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणाचा निकाल लागला. ओळख पटविण्यासाठी संगणकासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखविण्याची अट हा त्यातील एक मुख्य मुद्दा होता. आम्लहल्ल्यात ज्यांच्या डोळ्यांना इजा झाली अथवा जे जन्मतः अंध आहेत, त्यांना ही अट पाळता येत नाही. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. ठराविक काळाने सुगम्यतेची तपासणी करून घेणे आणि त्या प्रक्रियेत दृष्टिहीन व्यक्तींना सहभागी करून घेणे, असेही निर्देश त्या वेळी देण्यात आले. या निकालातून एक गोष्ट विशेष स्पष्ट होते. डोळ्यांची उघडझाप मागणाऱ्या पानावरील प्रत्येक चित्राला नाव असेल, प्रत्येक रकाना नियमानुसार असेल आणि यंत्र त्याला पूर्ण गुणही देईल. तरीही ते पान एका नागरिकाला दाराबाहेर ठेवते.

यंत्र आणि माणूस

तेव्हा तपासणीचा योग्य क्रम कोणता, याचे उत्तर अवघड नाही. प्रथम यंत्राने चाळण लावावी. निनावी रकाने, फिकी अक्षरे, रिकामी बटणे असे उघड दोष त्यातून निघून जातात. त्यानंतर संबंधित कर्मचाऱ्याने माऊस बाजूला ठेवून केवळ कळफलकाच्या आधारे तो अर्ज आरंभापासून शेवटपर्यंत भरून पाहावा. या परीक्षेस कोणतेही साधन विकत आणावे लागत नाही आणि कोणत्या ठिकाणी वाट अडते, हे थोड्याच वेळात कळते. पाने अक्षरांचा आकार दुप्पट करूनही पाहावीत. चित्रांचा पर्यायी मजकूर, दुव्यांची नावे आणि चुकीच्या सूचना कोणीतरी मोठ्याने वाचून पाहाव्यात. अखेरीस ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे, त्या दिव्यांग व्यक्तींकडूनच पान वापरून घ्यावे आणि त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे.

या कामाची जबाबदारी केवळ संगणक विभागाची मानणे बरोबर नाही. संकेतस्थळावर मजकूर चढविणारा लिपिक चित्राला नाव देतो की नाही, अधिकारी परिपत्रकाच्या छायाप्रतीसोबत मूळ मजकूर ठेवावयास सांगतात की नाही, निविदेच्या अटींत सुगम्यतेची कसोटी घातली जाते की नाही, यांवर बरेच काही अवलंबून असते. ठेकेदाराने यंत्राचा गुणपट जोडला म्हणून काम स्वीकारावयाचे, की अर्ज प्रत्यक्ष भरून पाहून स्वीकारावयाचे, हा निर्णय माणसालाच घ्यावयाचा आहे.

यंत्र अथक आहे. ते हजारो पाने रातोरात चाळू शकते, कंटाळत नाही आणि भीडभाड ठेवत नाही. त्याच्या या गुणांचा पुरेपूर लाभ घ्यावयास पाहिजे. परंतु पानावर रकान्याचे नाव आहे, एवढेच ते सांगू शकेल. ते नाव ऐकून एखाद्या अंध विद्यार्थिनीने कोणाच्याही मदतीविना आपला अर्ज भरला आणि आपला खाते क्रमांक आपल्यापाशीच ठेवला की नाही, हे पाहणे माणसाचे काम आहे. शासनाचे दार पडद्यावर आले असेल, तर ते सर्वांसाठी उघडते की नाही, याची खातरजमा त्या दाराशी उभे राहूनच करावी लागेल.